एक छोटीशी चेष्टा

अपंगांसाठी निधी जमवायचा, म्हणून धडधाकट माणसांनी व्हीलचेअरवर बसून शर्यत लावायची, ही अफाट कल्पना यज्ञेश्वररावांची. बनारसमधल्या मुन्शी घाटाजवळच्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष. कल्पनांना त्यांच्याकडे कधी तोटा नव्हता. शहाण्णव सालच्या जानेवारीत एका शाळेचं मैदान ठरलं आणि कालिंदीने सगळ्यांच्या आधी आपलं नाव दिलं.

कालिंदी गणिताची शिक्षिका. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीवर. गल्लीत सांड आडवा आला तरी खुर्ची वळवून सुळकन निघून जाणारी बाई, पण शर्यत म्हणून ती कधी पळाली नव्हती. एकदा तरी पळायचंच, असं तिने मनाशी घेतलं होतं.

"तुम्ही?" यज्ञेश्वरराव दचकले. "अहो, तुम्हाला रोजची सवय. बाकीच्यांवर अन्याय नाही का होणार? तुम्ही आपल्या व्यासपीठावर बसा. विजेत्याला ढाल तुमच्याच हस्ते द्यायची."

अन्याय म्हणे! कालिंदीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण भिडेखातर ती व्यासपीठावर बसायला कबूल झाली.

ऐन वेळी एका खुर्चीचं चाक निखळलं आणि प्रमुख पाहुण्यांच्या सूनबाई खोळंबल्या. "ताई, पाचच मिनिटं हं," म्हणत चौघांनी कालिंदीला उचलून व्यासपीठावरच्या सोफ्यात ठेवलं नि तिची खुर्ची सूनबाईंना दिली. तिला विचारायची तसदी कुणी घेतली नाही. रुखवतातल्या बाहुलीसारखी ती बसून राहिली. खाली मंडळी एकमेकांवर आदळत होती, खिदळत होती, "कित्ती अवघड असतं ना!" म्हणत होती. बँकेतला निमिष पहिला आला. तो खुर्चीतून टुणकन उठला आणि कचौडीच्या रांगेत लागला. सूनबाईही उठल्या. कालिंदीची खुर्ची मैदानाच्या पार टोकाला उन्हात पडून राहिली.

फलक पाहुण्यांसाठी हिंदीत होता: 'विकलांगों के लिए एक छोटी-सी चेष्टा'. भाषणाची पाळी आली तेव्हा कालिंदीने माईक जवळ ओढला.

"हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न," ती म्हणाली. "मराठीत चेष्टा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. फलक मराठीत वाचला तर अगदी बरोबर आहे."

आता तरी यांच्या माना खाली जातील, असं तिला वाटलं होतं. छे! "वा, काय कोटी केलीत!" यज्ञेश्वररावांनी मांडीवर थाप मारली. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी पाहुण्यांना अर्थ समजावला, तेही "क्या बात है!" म्हणून डोलले. कालिंदीला शिसारी आली. तिने शिवी हासडली असती तरी या लोकांनी तिचं व्याकरण वाखाणलं असतं.

निमिष तोंड पुसत वर आला. "मावशी, ढाल द्या ना जल्दी. फोटोवाला रुकलाय."

कालिंदीने मांडीवरची ढाल दोन्ही हातांनी घट्ट धरली. "आधी माझी खुर्ची."

यज्ञेश्वरराव वाकून कुजबुजले, "ताई, पाहुण्यांना निघायचंय. एका खुर्चीसाठी सगळा कार्यक्रम खोळंबवायचा?"

"मग कार्यक्रम कशासाठी होता?"

माईक चालूच होता. तिचा प्रश्न मैदानभर, पार कचौडीच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. यज्ञेश्वरराव धोतर सावरत पायऱ्या उतरले आणि खुर्ची आणायला स्वतःच निघाले.