वाळूत पडलेली बॅट

वाळूवर डांबराने आखलेली रेघ उन्हात मऊ झाली होती. चेंडू पडला की तिच्यावर शिवणीचा ठसा उमटे. तेल कंपनीतल्या अमेरिकनांचा बेसबॉल संघ १९६५ साली अबुधाबीत खेळायला आला, तेव्हा माझा नवरा गनी वारून वर्ष झालं होतं. रत्नागिरीला परतायचं की इथल्या दवाखान्यातली लॅबची नोकरी धरायची, हे सासरे विचारत आणि मी विषय उद्यावर ढकलत असे. त्या दिवशी मुलांना घेऊन मी आणि सासरे सामन्याला आलो होतो.

एक खेळाडू चेंडू टोलवून, बॅट टाकून पळाला. फक्त क्रिकेट ठाऊक असलेली माझी लेक अन्वरी ओरडली, "अंकल, युवर बॅट!" आणि बॅट उचलून थेट त्याच्यामागे धावली.

त्याने टोपी काढून, वाकून ती घेतली.

सासरे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "पोरगी कुणाला भीत नाय गो!"

पोरीला इतक्या मानाने वागवणाऱ्या त्या अनोळखी माणसाचे मी मनोमन आभार मानले. ती इथे कुणाला भीत नसेल, तर मी कशाला भ्यायचं?

"अब्बा," मी म्हटलं, "आपण इथेच राहू. मी नोकरी घेते."