पन्नास घोडे आणि एक घाट

मित्रांनो, माझ्या पोटात एक पलंग आहे, दोन बर्नरची शेगडी आहे, भांडी विसळायला हातभर मोरी आहे आणि इंजिनात जेमतेम पन्नास घोड्यांचे बळ आहे. मी एक जुनी कॅम्पर व्हॅन आहे. माझ्याएवढ्या नव्या गाड्यांत आता तिप्पट ताकद असते. मला पाहिले की लोक हटकून विचारतात, "एवढ्याशा इंजिनात भागतं का हो?" या प्रश्नापायी एक माणूस वर्षानुवर्षे घरी बसून राहिला होता. त्याचीच ही हकिगत.

जन्मतः मी कुणाचे घर नव्हते. जर्मनीतल्या एका कारखान्यातून निघाले ती थेट एका बेकरीच्या दारात उभी राहिले. कित्येक वर्षे मी गावोगाव पाव पोचवले. राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचा आंबूस वास माझ्या पत्र्यात इतका मुरला आहे की पावसाळी हवेत तो आजही येतो. मग बेकरीने मोठी गाडी घेतली आणि मला फोल्कर्ट उबेनने घरी नेले.

फोल्कर्ट होड्या बांधणारा सुतार. उत्तर समुद्राच्या काठी, पूर्व फ्रिझलंडमध्ये त्याचा कारखाना होता. एका हिवाळ्यात त्याने होडीच्या उरलेल्या फळ्यांतून माझ्या आत पलंग केला आणि कपाटे केली. लाटांवर दारे उघडू नयेत म्हणून होडीत लावतात तशा पितळी खिट्ट्या त्याने माझ्या कपाटांना लावल्या. त्याची बायको गेशे हिने निळे पडदे शिवले. लेक इन्सा तेव्हा लहान होती. तिच्यासाठी माझे छप्पर कापून उंच केले आणि वर एक माळा बसवला. त्या माळ्यावरून समुद्र दिसतो, असे ती सगळ्यांना सांगे.

आमचा मुलूख ताटासारखा सपाट. चढ म्हणावा तर समुद्राचा बांध तेवढा, तोही मेंढ्या चरता चरता चढून जातात. अशा ठिकाणी पन्नास घोडे म्हणजे रग्गड झाले. डेन्मार्क झाले, हॉलंड झाले, किनाऱ्याकिनाऱ्याने आम्ही खूप हिंडलो. समोरून वारा आला की मात्र माझा दम निघे. शेजारचा ओनो उंच ट्रॅक्टरवरून बघत म्हणायचा, "फोल्कर्ट, ही गाडी आहे की बिछाना? नुसता बिछाना वाऱ्यावर सोडलास तरी हिच्या आधी पोचेल." फोल्कर्ट शांतपणे उत्तर देई, "पोचेल ना. पण चहा कुठे करशील?" मला फार बरे वाटे.

इन्सा मोठी झाली. तिचा हात लाकडावर चांगला बसला होता. कारखाना तीच चालवणार, असे फोल्कर्टने मनाशी धरले होते. तिला मात्र कधी विचारले नव्हते. एका उन्हाळ्यात ती ऑस्ट्रियातल्या टायरोलच्या डोंगरांत गाई राखायला गेली आणि तिथलीच झाली. व्हिन्सेंट नावाच्या गवळ्याशी लग्न करते आहे, चीज करायला शिकते आहे, हे तिने चहाच्या टेबलावर आईबापांना सांगितले. फोल्कर्ट ओरडला नाही. त्याने रिकाम्या कपात चमचा ठेवला. आमच्याकडे त्याचा अर्थ, मला आता पुरे. आणि तो उठून कारखान्यात गेला. लग्नाला तो गेला नाही. पाठ धरली आहे, असे त्याने कळवले.

त्यानंतर गेशेने कधीही इन्साकडे जायचा विषय काढला की तो म्हणे, "पन्नास घोड्यांत तिच्या वाटेवरचा घाट चढत नाही, गेशे. इंजिन जळेल." ती म्हणे आगगाडीने जाऊ. तो म्हणे, परक्या पलंगावर मला झोप लागत नाही. शेवटी ती एकटीच आगगाडीने जाऊन येई, आणि तो मला धुऊन पुसून पुन्हा शेडमध्ये लावी. पुढे धुणेही थांबले. माझ्या चाकांतली हवा उतरली. उंदरांनी निळे पडदे कुरतडले. एका कोंबडीने माझ्या पलंगावर अंडी घातली आणि तिला कुणी हाकलले नाही. मित्रांनो, मला वाईट कशाचे वाटत होते सांगू? मी तो घाट कधी पाहिलाही नव्हता, आणि मला तो चढता येत नाही, हे माझ्या तोंडावर सांगितले जात होते.

इन्साला मुलगी झाली. नाव मारेन. उन्हाळाभर गाई वरच्या कुरणात असतात, त्यामुळे इन्साला खाली येता येईना. इकडे गेशेचा गुडघा दुखू लागला, सामान घेऊन आगगाड्या बदलणे तिला झेपेना. एक दिवस तिने शेडचे दार उघडले, कोंबडीला उचलून बाहेर ठेवले आणि माझे तेल बदलायला कारागीर बोलावला. नवी नळी, नवा पट्टा, नवी बॅटरी. फोल्कर्ट दारात उभा राहून पाहत होता.

"कुठे निघालीस?"

"इन्साकडे. इंजिन पुरतं की नाही, ते माझं मी बघते. तुला यायचं तर ये."

"तुला हिचा दुसरा गिअर पडत नाही नीट."

"मग शेजारी बस आणि शिकव."

तो आला. माझ्या काळजीने येतो आहे, असे त्याने ओनोलाही सांगितले. पाण्याची टाकी त्याने गळ्यापर्यंत भरली आणि हत्यारांची अख्खी पेटी आत चढवली. वाटेत काय मोडेल, सांगता येत नाही म्हणे.

जर्मनी आम्ही उत्तर-दक्षिण उभी कापली. ट्रक मला ओलांडून गेले, बस ओलांडून गेल्या. गेशेने त्याचे काही वाटून घेतले नाही. ती उजव्या कडेने आपल्या चालीने चालली. मग एका सकाळी समोर डोंगर आले. मी थबकलेच असते, पण चाके माझ्या हातात नाहीत.

घाट सुरू झाला. चौथ्या गिअरचा तिसरा झाला, तिसऱ्याचा दुसरा. एका वळणावर गेशेने पहिला टाकला. मागे गाड्यांची रांग लागली आणि हॉर्न वाजू लागले. जागा दिसली की गेशे बाजूला घेई, सगळ्यांना जाऊ देई आणि पुन्हा निघे. तापमानाचा काटा वर सरकू लागला तेव्हा फोल्कर्टने मुकाट्याने हीटर पूर्ण सोडला. त्याने इंजिनाची उष्णता आत येते, इंजिनाला थोडा आराम पडतो. भर जुलैत, खिडक्या उघड्या टाकून, दोघेही घामाने निथळत बसले होते. तरी काटा लाल पट्ट्याच्या कडेला टेकला. गेशेने मला एका सपाट कडेवर घेतले आणि इंजिन बंद केले.

तिने शेगडी पेटवून चहा ठेवला. कपात खडीसाखरेचा खडा टाकला, वरून चहा ओतला, खडा तडकला. खाली दरीत आम्ही चढून आलेला रस्ता दिसत होता.

"सांगत होतो ना," फोल्कर्ट म्हणाला. "नाही पुरत ताकद."

"ती चढते आहे," गेशे म्हणाली. "हळू चढते, थांबून चढते, पण चढते. तुला चढायचं आहे का, ते सांग."

चहा निवला. मग फोल्कर्ट कपाकडे बघतच म्हणाला, "मी तिच्या लग्नाला गेलो नाही, गेशे. आता कुठल्या तोंडाने जाऊ? काय बोलू तिच्याशी?"

"चीज कसं करतात ते विचार. बाकीचं ती बोलेल."

तो खाली उतरला. मला वाटले, आता परत फिरणार. पण त्याने खाली वाकून टाकीची तोटी सोडली. सगळे पाणी उतारावर वाहून गेले. मग हत्यारांची पेटी उतरवून, ओळखदेख नसताना, समोरच्या गोठ्यातल्या म्हाताऱ्याकडे ठेवायला दिली. परतताना नेतो म्हणाला. आणि गेशेला म्हणाला, "तू ने हिला वर. मी पायवाटेने येतो. माझंही वजन थोडंथोडकं नाही."

असा हा सपाट मुलखातला धिप्पाड माणूस डोंगर चढू लागला. रस्ता वळणे घेत जाई, पायवाट मधूनच सरळ वर जाई. एका वळणावर मला तो काठी टेकून उभा दिसला, पुढच्या वळणावर एका दगडावर बसलेला. गेशेने थांबून खिडकीतून विचारले, बसतोस का? त्याने हात हलवून आम्हाला पुढे पाठवले. मी हलकी झाले होते. काटा लाल पट्ट्याच्या अलीकडेच राहिला. पहिल्या गिअरमध्ये, गुरगुरत, मी शेवटचा चढ चढले, आणि खिंडीवरचा वारा एकदम माझ्या रेडिएटरवर आला. मित्रांनो, तो वारा मी जन्मात विसरणार नाही.

थोड्या वेळाने फोल्कर्ट आला. तोंड लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसला तरी लगेच काढला नाही.

इन्साचे कुरण खिंडीच्या पलीकडेच होते. आम्ही उतरलो तेव्हा ती चिखलाने माखलेले बूट घालून, पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने आधी मला ओळखले, मग स्टिअरिंगवरच्या आईला. शेजारून बाप उतरताना पाहून ती जागची हललीच नाही.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी चढली?"

"गाडी चढली," फोल्कर्ट म्हणाला. "मलाच वेळ लागला."

इन्साने मारेनला त्याच्या हातात दिले आणि डोळे पुसायला आत गेली. पोरीने त्याची दाढी दोन्ही मुठींत धरून ओढली. चीज कसे करतात हे त्याने त्या दिवशी विचारलेच नाही. ते त्याने दुसऱ्या दिवशी विचारले, आणि इन्साने त्याला कढईशी उभे करून दिवसभर ढवळायला लावले.

आता दर उन्हाळ्यात आम्ही तो घाट चढतो. टाकी रिकामी ठेवून निघतो, दम लागला की थांबतो. मला नवे पडदे लागले आहेत. माळ्यावर मारेन झोपते. कधीतरी माझे इंजिन दमेल, हे मला ठाऊक आहे. त्याची भीती वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल. तिची ताकद किती, हे विचारण्याआधी तिच्या चाकांत हवा भरा, तेल बदला, नळ्या तपासा, नको ते ओझे उतरवा. आणि ज्यांच्याकडे जायचे राहून गेले आहे, त्यांच्याकडे तिला घेऊन निघा. चढाने आम्ही झिजतो, हे खरे. पण नुसते उभे राहून आम्ही त्याहून लवकर संपतो.