सात नंबर हलली नाही

बाजारात हमालांच्या दोन टोळ्या एकमेकांवर तुटून पडल्या, तेव्हा सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. पहिला फोन एका बाईचा. ती नुसती किंचाळत होती, "डोक्यात हूक घातला हो, डोक्यात!" पोती ओढायचा लोखंडी हूक. दुसऱ्या फोनवर कुणी म्हणालं दोघं पडलेत, तिसऱ्यावर चौघं, आणि चौथा फोन अर्ध्यातच तुटला.

मी अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये एकोणीस वर्षं आहे. लोकांना वाटतं, फोन आला की गाडी पाठवायची, झालं. गाडी काय, शेंबडं पोरही पाठवेल! खरं काम त्यानंतरचं. एक गाडी गेली की तिच्या भागात भोक पडतं. मग शेजारची गाडी अर्ध्या वाटेवर सरकवायची, म्हणजे दोन्ही वस्त्यांना निदान दहा मिनिटांत कुणीतरी पोचेल. आमचं पांघरूण पहिल्यापासून आखूड आहे, डोकं झाकलं की पाय उघडे. आणि एकच मोकळी गाडी उरली, तर तिला शहराच्या मध्यावर, पाण्याच्या टाकीखाली उभी करायची. जिथे दुसरी गाडी पोचलीय तिथे तिला पाठवायचं नाही. हा नियम माझा. वरच्यांनी तो छापून भिंतीवर लावला होता, आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी नऊ गाड्यांपैकी दोन गॅरेजमध्ये होत्या, चार रुग्णालयांच्या दारात पेशंट उतरवत अडकलेल्या. उरल्या तीन. बाजाराच्या जवळ होती चार नंबर, आणि तिचा ड्रायव्हर बारक्या, माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याला नोकरीला मीच चिकटवलेला.

"बारक्या, हाणामारी आहे. पेट्रोल पंपापाशी थांब. पोलीस आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही."

"माहितीये गं ताई. दर वेळी तेच काय पुराण लावतेस?"

त्याच्यामागून मी नऊ नंबर सोडली आणि सात नंबर टाकीखाली आणून ठेवली. सगळं नियमाप्रमाणे.

बारक्या पंपापाशी थांबला, पण मारामारी थोडीच थांबणार? तिघा हमालांनी एका रक्ताळलेल्या माणसाला फरफटत त्याच्या गाडीपर्यंत आणलं आणि आत ढकललं. गाडीतल्या नर्सने त्याच्या डोक्याला पट्टी दाबली तोच दुसरी टोळी मागोमाग आली. त्यांना तो माणूस अर्धमेला सोडायचा नव्हता.

"ताई, पोलीस कुठायत? यांनी गाडीला वेढा घातलाय," बारक्या हातातल्या वायरलेसवर म्हणाला. आणि मग काच फुटली.

माईकचं बटण त्याच्या मुठीत दाबलेलंच राहिलं. एकाने बटण दाबून धरलं, की आमच्या लाइनवर दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही. मी फक्त ऐकू शकत होते. पत्र्यावर पहारी बसत होत्या. नर्स ओरडत होती, "दार धरा, दार धरा!" बारक्याचा आवाज आला, "अरे पेशंट आहे रे तो, मरेल!" कुणीतरी हसलं. "मरायलाच पाहिजे," तो म्हणाला.

कंट्रोल रूमचे साहेब माझ्या खुर्चीमागे मोबाईल धरून उभे होते. "टाकीच्या चौकीतले चार पोलीस सात नंबरमध्ये बसायला तयार आहेत. त्यांची जीप बाहेर गेलीय. सोडू का? तीन मिनिटांचं अंतर आहे."

मी पडद्याकडे पाहिलं. नऊ नंबरपुढे हिरवा दिवा होता. म्हणजे ड्रायव्हरने 'पोचलो'चं बटण दाबलेलं.

"नको," मी म्हणाले. "नऊ पोचलीय तिथे. सात हलली तर सगळं शहर उघडं पडेल."

"अहो, तुमचा भाऊ आहे..."

"म्हणूनच नको. माझा भाऊ म्हणून गाडी हलवली असं उद्या कुणी म्हणायला नको."

असं बोलले मी! उचलली जीभ, लावली टाळ्याला. काय तो ताठा! आज ती जीभ हासडून टाकावीशी वाटते.

पुढचं सगळं मी ऐकलं. दार उचकटल्याचा आवाज, नर्सची किंकाळी. त्या जखमी माणसाला पायाला धरून खाली ओढलं. बारक्या त्याच्या अंगावर आडवा पडला असणार, कारण त्याचा आवाज जमिनीलगत येऊ लागला. मग लाथा, मग लाकडाचा आवाज, मग लोखंडाचा. हाड मोडतं तेव्हा वायरलेसवरसुद्धा कळतं. बारक्या आधी शिव्या देत होता, मग "ताई, ताई" करत होता, लहानपणी विहिरीत पडला तेव्हा करत होता तसा. मग तो एकदाच खूप मोठ्याने ओरडला आणि माईक सुटला.

लाइन मोकळी झाली. त्याच क्षणी नऊ नंबरचा ड्रायव्हर बोलला, "ताई, रेल्वेचं फाटक आत्ता उघडलं. निघतोय."

म्हणजे तो हिरवा दिवा खोटा होता. आठ मिनिटांत पोचलं नाही तर ड्रायव्हरला लेखी जाब द्यावा लागतो. म्हणून ठिकाण दिसायला लागलं की 'पोचलो' दाबायचं, ही आमच्याकडची रीत. मिनिटभराने काय आभाळ कोसळणार? फाटकाशी अडकलेल्या या पठ्ठ्याने घड्याळ पाहिलं आणि तिथूनच दाबून टाकलं.

"सात सोडा!" मी ओरडले. सात तीन मिनिटांत पोचली. पोलीस उतरले, त्यांच्या लाठ्यांनी मारेकऱ्यांतल्या दोघांची डोकी फुटली, बाकीचे पळाले. तो जखमी हमाल पंपाच्या नळीखाली मरून पडला होता. नर्सची तीन बोटं दारात चेंगरली होती. बारक्याच्या डाव्या डोळ्यात हूक गेला होता आणि उजवा पाय गुडघ्यातून उलटा वळला होता.

आणि शहर? मी सातला टाकीखाली खिळवून ठेवली त्या अकरा मिनिटांत बाजाराबाहेरून एकही फोन आला नाही. कुणाला साधी चक्करसुद्धा आली नाही.

दुपारी नऊ नंबरचा ड्रायव्हर हात जोडत आला. मी त्याला सगळ्यांसमोर कानफटात मारली. एक, मग दुसरी. ओठ फुटला त्याचा. त्याने हात वर केला नाही.

"ताई, बटण आधी दाबायचं तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला. "मला, बारक्याला, सगळ्यांना."

खरं होतं. पोरांना जाब द्यावा लागू नये म्हणून मीच शिकवलं होतं. माझा हात तिसऱ्यांदा उठला तो तसाच राहिला.

तीन दिवसांनी बारक्या शुद्धीवर आला. आई त्याच्या पायाशी बसली होती, मी उशाशी. आईने त्याचं तोंड पुसलं आणि विचारलं, "एवढ्या गाड्या शहरात, बाळा, एकही कशी आली नाही रे वेळेवर?"

बारक्याने उरलेला डोळा माझ्याकडे वळवला. सात नंबरची माणसं थोड्या वेळापूर्वीच त्याला भेटून गेली होती, त्यांच्याकडून त्याला सगळं कळलं होतं. "गाडीच नव्हती गं आई," तो बांधलेल्या जबड्यातून कसंबसं म्हणाला. "ताई तरी काय करणार?"

आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुझ्या जिवाला काय झालं असेल गं पोरी," ती म्हणाली.

तो हात मला सोसवेना.

"होती," मी म्हणाले. "गाडी होती, आई. तीन मिनिटांवर. पोलीस बसायला तयार होते. मी सोडली नाही."

"ताई, गप्प बस," बारक्या म्हणाला.

आईने माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"ऊठ तिथून," ती म्हणाली. "त्याच्या उशाशी बसू नकोस."

मी उठले.