आज पाणी कितव्या पायरीवर?

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कोणाची कीव नको. माझं झाकण चिकटपट्टीवर टिकलंय, आवाजाचं बटण पक्कडीने फिरवावं लागतं. मला भंगारात काढलं होतं, हेही खरं. पण भंगारातून उठून मी एका साहेबाला त्याच्याच हाताने त्याचं वाक्य खोडायला लावलं. तुमच्या त्या चकचकीत यंत्रांपैकी कोणी केलंय का असं? मग ऐका.

कारखान्यात माझा शेवटचा स्क्रू बसवणारी बाई शेजारणीला लेकीच्या खोकल्याबद्दल सांगत होती. माणसाचं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा, आणि तेव्हापासून मला बोलण्याची चटक लागली. नशिबाने मात्र मला एका गाणंवेड्या माणसाच्या घरी टाकलं. वर्षभर सकाळ-संध्याकाळ तीच बारा गाणी! कान किटले. शेवटी त्याने नवा रेकॉर्डर आणला आणि मला धाकट्या बहिणीकडे सरकवलं.

ही बहीण म्हणजे टपालताई. तळ्याच्या काठाकाठाने नऊ वाड्या आहेत, तिथे ती सायकलवरून टपाल वाटायची. कोणाच्या दारात काय शिजतं, कोण कोणाशी अबोला धरून आहे, सगळं तिला ठाऊक. एकदा जुना नावाडी तिला माशांच्या विणीबद्दल सांगत होता. ती घरी आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अर्धं विसरलेच की गं बाई मी!" दुसऱ्या दिवशी मी सायकलच्या कॅरिअरवर होतो.

नावाडीआजोबा म्हणजे विक्षिप्त प्रकरण. ताईने माझं लाल बटण दाबलं आणि म्हणाली, "बोला आजोबा." आजोबांनी आधी तळ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "आधी पाणी कितव्या पायरीवर आहे ते बघून ये. मग बोलतो."

"पाण्याचं काय काम आता?"

"पोरी, मी चाळीस वर्षं पाणी बघितल्याशिवाय होडी सोडली नाही. तोंड कसं सोडू?"

तळ्याला चौदा दगडी पायऱ्या, वरून खाली मोजायच्या. ताई निमूट उतरून मोजून आली. "आज पाणी सहाव्या पायरीवर," आजोबांनी माझ्यात सांगितलं, आणि मग जे सुटले ते कॅसेटच्या दोन्ही बाजू संपेपर्यंत थांबले नाहीत.

तेव्हापासून हा नेमच पडला. लव्हाळ्याच्या चटया विणणारी मावशी असो, मधमाश्या पाळणारे मास्तर असोत, की बियाणं डब्यात राखून ठेवणारी म्हातारी असो, माझ्यापुढे बसणाऱ्याने आधी पाणी सांगायचं, मग कोण किती लव्हाळं कापतं, कुठल्या महिन्यात जाळं टाकायचं नाही, ते सगळं. आजोबा गेले, तरी नेम राहिला.

ताईचा स्वतःचाही एक हट्ट होता. टपालाच्या पिशवीत टपालाखेरीज काही न्यायचं नाही. मग भरलेली कॅसेट जपून ठेवायला वाड्यांच्या वाचनालयात पोचवायची कशी? ती कॅसेट पाकिटात घालायची, तिकीट लावायची, पेटीत टाकायची. दुसऱ्या दिवशी शिक्का बसलेलं तेच पाकीट स्वतःच वाचनालयात नेऊन द्यायची. लोक हसून बेजार. "ताई, स्वतःलाच पत्र लिहा ना एखादं!" ती कोणाला भीक घालत नसे. बावीस वर्षं, एकशे चाळीस कॅसेट. दर रविवारी दुपारी वाचनालयात मला टेबलावर मांडायचे, आणि माणसं आपल्या शेजाऱ्याचं बोलणं ऐकायला खिडकीत उभी राहायची. हो, मिरवलो मी! का नाही मिरवायचं?

मग वाचनालयात नवे चिटणीस आले. माणूस सज्जन, पण टापटिपीचं भारी वेड. टेबलावर पेन वाकडं दिसलं तरी त्यांना झोप येत नसे. त्यांनी तीन महिने खपून सगळी बोलणी संगणकात उतरवली. खोकले काढले, मागून ओरडणाऱ्या कोंबड्या काढल्या. मग मला आणि पाकिटांसकट कॅसेटना पोत्यात भरलं आणि भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं. मला काय वाटलं म्हणून विचारता? संताप आला, दुसरं काय! रडायला मी काही बाहुली नाही.

पुढचं मला ताईकडून नंतर कळलं. त्याच सकाळी टपालताईने वाचनालयाच्या पत्त्यावर आलेलं एक सरकारी पाकीट पोचवलं. चिटणीसांनी मोठ्याने वाचलं. "सदर तळे दर उन्हाळ्यात पूर्ण आटते. सबब जागा पडीक समजून भराव घालून गोदामे बांधण्यात येतील. हरकत असल्यास पुराव्यासह सुनावणीस हजर राहावे."

"आटतं?" ताई उसळली. "कधी आटलं? लावा बघू कुठल्याही उन्हाळ्यातलं बोलणं!"

चिटणीसांनी अभिमानाने संगणक सुरू केला. स्वच्छ, खणखणीत आवाज आला, "आमच्या लहानपणी इथे..."

"आणि पाणी? पाण्याची पायरी कुठेय?"

"ते प्रत्येकात तेच तेच होतं ना ताई. सुरुवातीची बडबड म्हणून कापून टाकलं."

ताईचा चेहरा पडला. "चिटणीसभाऊ, नेमकं तेच हवं होतं हो! पोतं कुठेय?"

येताना तिला भंगाराची गाडी दिसली होती, उत्तराला थांबली नाही ती. सायकल अशी हाणली, की चढावर भंगारवाल्याला गाठलंच. तो गाडी थांबवून भाकरी खात बसला होता. म्हणाला, "न्या ताई. पाकिटांवर टपालाचा शिक्का दिसला, म्हणून मी हात लावला नव्हता. म्हटलं, कोणाचं पत्र राहिलं असेल."

चाकं फिरवणारा माझा पट्टा सैल पडला होता. ताईने टपालाच्या गठ्ठ्याचं रबर काढून तिथे चढवलं, आणि मी फिरलो. जरासा रेंगाळत, पण फिरलो!

सुनावणीच्या दालनात मला टेबलावर ठेवलं, तेव्हा साहेबांनी नाक मुरडलं. "हे डबडं काय सांगणार?"

डबडं! मी मनात म्हटलं, थांब जरा.

ताईने एकेक कॅसेट लावली, फक्त सुरुवातीपुरती. "आज पाणी पाचव्या पायरीवर." "आज पाणी नवव्या पायरीवर, ऊन फार आहे." मधमाश्यांचे मास्तर, बियाणेवाली म्हातारी, मावशी, एकामागून एक. पंचवीस कॅसेट झाल्या, पन्नास झाल्या. सगळ्यात कडक उन्हाळ्यातला आवाज नावाडीआजोबांचा होता, धाप लागलेला. "आज पाणी अकराव्या पायरीवर. याच्याखाली मी जन्मात बघितलं नाही." चटईवाली मावशी त्यांची लेक. तिने पदर तोंडाला लावला.

साहेब म्हणाले, "हे कोणीही कालच घरी बसून बोललं असेल. तारखेचा पुरावा?"

ताईने पाकिटं टेबलावर ओतली. प्रत्येकावर शिक्का, शिक्क्यात तारीख. "तुमच्याच सरकारचा शिक्का आहे, साहेब. आता त्यालाही खोटं म्हणणार का?"

"पण मग वाचनालयाने जोडलेल्या संगणकातल्या प्रतीत पायऱ्या का नाहीत?"

चिटणीस उभे राहिले. कान लाल झाले होते. "मी कापल्या. मला ती बडबड वाटली. चूक माझी आहे, यांची नाही."

त्या क्षणी मी त्या माणसाला माफ केलं. अर्धं. कोंबड्यांचं अजून बाकी आहे.

साहेबांनी शिक्के तासभर तपासले. मग पेन काढून 'पूर्ण आटते' या शब्दांवर आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि भरावाचा प्रस्ताव परत पाठवला. उद्या दुसरा प्रस्ताव येईल, हे ताईला माहीत आहे, मलाही. येऊ दे की! एकशे चाळीस आवाज घेऊन बसलोय मी.

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवून हार घालू नका. मला वापरा. माझ्यासारखं जुनं काही तुमच्या घरी असेल, तर फेकण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते पूर्ण ऐका. कापू नका. कोणती बडबड कामाची, हे कापणाऱ्याला कळत नसतं.

दुसऱ्या सकाळी चटईवाली मावशी माझ्यासमोर बसली. ताईने लाल बटणावर बोट ठेवलं आणि वाट पाहिली. खाली तळ्यात, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, चिटणीस स्वतः पायऱ्या मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा एकदा मोजलं, आणि मग तोंडाशी हात धरून वर ओरडले,

"सातव्या! बोला, आता कापणार नाही!"