वराची चौकशी, मुक्काम लाइपझिग

वऱ्हाडात मुलाची चौकशी करायची एक रीत आहे. मुलीकडचा माणूस मुलाच्या गावी जातो, परिटाशी दोन शब्द बोलतो, शेजारच्या ओट्यावर पान खातो, मुलाच्या घरी चहा घेऊन पाऊसपाण्याच्या गप्पा मारतो आणि उठतो. आपण चौकशीला आलो असं त्यानं म्हणायचं नाही, आणि ते आपल्याला कळलंय असं मुलानं दाखवायचं नाही. ही रीत अमरावती, अकोला, परतवाडा, पार भातकुलीपर्यंत बरी चालते. लाइपझिगला ती कशी चालेल याचा विचार कोणी केला नव्हता, कारण जर्मनीतल्या त्या शहरात वऱ्हाडचा लग्नाचा मुलगा तोवर कोणी नेऊन ठेवलाच नव्हता.

उद्धव तिथे कापसाच्या रंगांचं रसायनशास्त्र शिकत होता. वडील अमरावतीत अंबादेवीच्या आसपास भिक्षुकी करत. जायच्या आधी दोन वर्षं उद्धवानं बापूसाहेब वकिलांच्या अनुपमेला बीजगणित शिकवलं होतं. ती मॅट्रिक झाली आणि हा तिच्यापायी कामातून गेला. वडिलांकरवी शब्द टाकला, तेव्हा बापूसाहेब "पाहू" एवढंच म्हणाले. वकिलाचं "पाहू" म्हणजे तारीख पडली, निकाल नाही.

आणि आता गोपाळकृष्ण येत होता. हा अकोल्याचा, कॉलेजातला जिवलग, लंडनला बॅरिस्टरीसाठी राहिलेला. "सहज येऊन राहिलो, शनिवार-रविवार, गाव दाखव," असं त्यानं कळवलं. मागोमाग वडिलांचीही सूचना आली: बापूसाहेबांनी गोपाळकृष्णाला सांगून ठेवलंय, जपून.

उद्धव जपला. भिंतीवरचं गुत्त्यातल्या मित्रांसोबतचं छायाचित्र उतरवून तिथे गणपती लावला. खोलीची मालकीण फ्राऊ ह्युबनर हिला, दोन दिवस कपाटातलं डुकराचं मांस माळ्यावर ठेवा, अशी विनंती केली. खिडकीच्या दांडीवर धुतलेलं जानवं वाळत घातलं. ते रस्त्यावरून दिसतं का, हे खाली जाऊन पाहून आला. दिसत होतं.

शनिवारी सकाळी गोपाळकृष्ण उतरला तो स्टेशनाकडे पाहतच. "अबे, यात आपलं बडनेरा किती वेळा मावन?"

"चल, खिचडी टाकून आलो," उद्धव म्हणाला.

"खिचडी?" गोपाळकृष्णाचा चेहरा किंचित उतरला. उद्धवानं ते कौतुक समजून घेतलं.

मग गाव दाखवणं सुरू झालं. गुत्ते असलेले रस्ते टाळायचे म्हटलं तर लाइपझिगमध्ये रस्तेच उरत नाहीत, तेव्हा दोघे गल्ल्याबोळांतून, गोदामांच्या मागून, कालव्याच्या काठानं हिंडले. चौकाचौकांत काम नसलेली माणसं खिशात हात घालून उभी होती. तीही या दोघांकडे कीव आल्यासारखी पाहत. जुनं मोठं चर्च उद्धवानं बाहेरून दाखवलं. आत वाद्य वाजत होतं. गोपाळकृष्ण पायरीवर थबकला.

"आत नको," उद्धव म्हणाला. "उगीच गावात बोभाटा होईन, पोरगं बाटलं म्हणून."

"कोण्या गावात? इथं आपल्याले कोण ओळखते?"

नेमकं तेव्हाच समोरून कुर्ट आला. कुर्ट पुस्तकं बांधायचा. दर शनिवारी उद्धव त्याच्याबरोबर लाकडी गोळ्यानं खुंट्या पाडण्याचा खेळ खेळे, आणि उद्धवाच्या मोडक्या जर्मनवर सगळा अड्डा हसून लोळे, त्यात उद्धव सगळ्यांत जास्त. कुर्टनं रस्त्यापलीकडून दोन्ही हात वर करून हाक मारली. उद्धवानं कालव्याकडे तोंड फिरवलं.

"तो तुले बोलावून राहिला ना बे?"

"दारुडा असन. इथं लय हायेत."

कुर्टचे हात थोडा वेळ तसेच वर राहिले, मग खाली आले.

रात्री फ्राऊ ह्युबनर दारात येऊन काळजीनं म्हणाली, "आज घरात काहीच गोंगाट नाही. तुमची तब्येत बरी आहे ना? एखादा ग्लास बिअर देऊ का?"

"काय म्हणते?" गोपाळकृष्णानं विचारलं.

"विचारते, आज एकादशी हाय का."

रविवारी नेपोलियनला हरवल्याचं स्मारक पाहिलं. तिथे दगडाचे प्रचंड योद्धे मान खाली घालून शोक करत उभे होते. उद्धव त्यांच्याच मुद्रेनं शेजारी उभा राहून गीतेतल्या स्थितप्रज्ञावर बोलला. गोपाळकृष्णानं दोन विनोद करून पाहिले, एक प्राचार्यांच्या पगडीवर, एक बोटीतल्या स्वतःच्याच ओकारीवर. उद्धवानं दोन्ही वेळा गंभीरपणे मान हलवली. उथळ दिसून चालणार नव्हतं.

संध्याकाळी गाडी लागली. गोपाळकृष्ण डब्यात बसला आणि त्यानं खिडकीची काच खाली केली.

"उद्धव, तुह्यासारखा सोवळा माणूस मी काशीतही पाह्यला नाही."

उद्धवाला भरून आलं. रीतच विसरला. "मंग बापूसाहेबांले तसंच सांगजो!"

"सांगीन. पण त्याईनं ते विचारलंच नाही." गोपाळकृष्ण खिडकीतून वाकला. "अनुपमाच्या थोरल्या बहिणीले, सिंधूताईले, आमच्या अकोल्यात देली ना, त्या वैदिकांच्या घरी. जावई असा सोवळा, का लग्नापासून घरात कोणी दात दाखवला नाही. ते पाहून अनुपमानं बापाले सांगून टाकलं: कोणाच्याही गळ्यात बांधा, पण माणूस हसणारा पाह्यजे. बापूसाहेबांनी मले लिहिलं, खाण्यापिण्याचं मले काही नाही, मीही क्लबात काय खातो ते मले ठाऊक हाय. दोन दिवस राह्य अन् पोरगं हसते का, तेवढं पाह्य."

"मंग तू सांगितलं काहून नाही बे?"

"चौकशीत सांगत असते का?"

"मी हसतो! इथं कोणालेही विचार! मी त लय हसतो!"

"कोणाले विचारू? जे एक बाई बोलली, तिनं एकादशी काढली."

"खोटं सांग. माह्यासाठी."

"तिच्या जन्माचा सवाल हाय, बाप्पा. ते मले भाऊ म्हणते." गोपाळकृष्णाचा आवाज खरोखर दुःखी होता. "दोन दिवस वाट पाह्यली रे. स्वतःच्या ओकारीवर बोललो."

शिट्टी झाली. गाडी हलली. उद्धव खिडकीबरोबर चालू लागला, मग धावू लागला, आणि धावता धावता त्यानं हसायला सुरुवात केली. आधी नुसते दात काढले. मग घशातून आवाज काढला. मग पोट धरून, गोपाळकृष्णाला नीट दिसावं म्हणून मान वर करून, जीव खाऊन हसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोक बाजूला सरले. एका बाईनं पोराला पोटाशी घेतलं.

गोपाळकृष्णानं घाबरून काच वर ओढून घेतली. सुतकातल्या घरून निघताना "येतो" म्हणत नाहीत. तोही काही न बोलता गेला.