मोठ्यानं सांगितलेलं वजन

मुकुंदवाडीत माझा दवाखाना एकवीस वर्षं चालतोय, आणि तो माझ्या हातगुणापेक्षा तोंडामुळं जास्त चालतो, असं मीच सगळ्यांना सांगत आलो. पेशंट हसला की अर्धा बरा झाला, हे माझं ठाम मत. वजनकाटा माझ्या टेबलाजवळ आणि केसपेपर लिहिणारा बन्सी बाहेरच्या खोलीत, त्यामुळं वजन ओरडूनच सांगायचं. वर एखादी कोपरखळी. बाहेरचं बाकडं खूश.

म्हणून ‘वयात येणाऱ्या मुलांशी वजनाबद्दल कसं बोलावं’ या प्रशिक्षणाला आमच्या संघटनेनं बोलावलं तेव्हा मला हसूच आलं. मला कोण बोलायला शिकवणार? पण रविवार होता, जेवण होतं, गेलो.

शिकवायला डॉक्टर तनुजा होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी आम्हा तीस जणांना एकेक कोरी चिठ्ठी दिली. एखाद्या मुलाला किंवा मुलीला वजनावरून तुम्ही जे बोललात ते आठवेल तसं लिहा, स्वतःचं नाव घालू नका, म्हणाल्या. मी माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य झोकात लिहिलं. मग चिठ्ठ्या मिसळल्या. एकेकानं पेशंटच्या खुर्चीत बसायचं आणि समोरच्यानं चिठ्ठी वाचायची.

माझी चिठ्ठी प्रेरणा नावाच्या तरुण डॉक्टरच्या हाती गेली. तिनं वाचलं, “बन्सी, लिही, अठ्ठ्याहत्तर! पोरगी पंधराची, पण काटा रडायला लागला.”

कुणीच हसलं नाही. खुर्चीतला डॉक्टर उगाच बूट बघत बसला. माझ्या शेजारचे पुटपुटले, “काय एकेक माणसं असतात!”

मी मान हलवली. “कमाल आहे,” म्हणालो.

ते म्हणताना माझा आवाज अगदी साफ होता, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

सोमवारी दवाखाना उघडल्या उघडल्या मी बन्सीला विचारलं, “आफरीन शेवटची कधी आली होती रे?” वाक्य तिच्यावरच होतं. तिला फिट येतात, आणि तिच्या गोळीचा डोस वजनावर ठरतो.

“ती कुठं येती, साहेब? आठ महिने झाले. तिची अम्मी, अनवरीभाभीच गोळ्या नेत्यात,” बन्सी म्हणाला. “परवा क्लासात फिट आली म्हणं तिला. तुम्हाला नाय सांगितलं का?”

सांगितलंही असेल. आठ महिने मी मान वर न करता जुन्याच डोसवर सही ठोकत होतो.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. भाभींनी खुर्ची दिली, चहा ठेवायला निघाल्या, मीच थांबवलं. आफरीन पलंगावर वही घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. कपाळावर टाक्यांची पट्टी होती.

“आफरीन, मी चुकलो,” मी म्हणालो. “बाहेर माणसं बसलेली असताना मी तुझी थट्टा केली. मला लाज वाटतेय. गोळीचा डोस नव्यानं बघावा लागेल, नाहीतर फिट पुन्हा येईल. वजन घेताना दार लावू, आकडा मी स्वतः लिहीन, कुणाला कळणार नाही. तुला चालेल का?”

भाभी कानकोंड्या झाल्या. “अहो, तुम्ही कशाला माफी मागता, डॉक्टरसाब? गमतीनं बोलले होते तुम्ही. हीच लई मनाला लावून घेती.”

आफरीननं वही मिटली.

“बाकड्यावरचे हसले त्याचं काय नाय,” ती म्हणाली. “अम्मी पण हसली होती.”

भाभींचा हात ओढणीवरच थांबला. “अगं, डॉक्टरसाब हसले म्हणून मी...” एवढंच त्या बोलल्या.

त्या बाईच्या लेकराला मी औषध द्यायला बसलो होतो, आणि त्याच लेकरावर तिला हसायला लावून मोकळा झालो होतो.

“येते मी उद्या,” आफरीन माझ्याकडं बघत म्हणाली. “पण एकटी येते. अम्मी नको.”