सुतळीची चार बोटं

मी बिचिर मासा बोलतोय. नाव परदेशी, पत्ता मात्र झाशीचा. खंडेराव गेटजवळ राहणाऱ्या नीलकंठच्या बैठकीतली काचेची टाकी हे माझं घर. माझी नजर जन्माची अधू. जग मला धूसर दिसतं, वासावरूनच जास्त कळतं, त्यामुळे मी अर्धा वेळ स्वप्नातच असतो म्हणा ना.

माझ्यासोबत एक रोपफिश राहायचा. आम्ही दूरचे भाऊबंद. दोघांचंही नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. अधूनमधून वर येऊन हवा प्यावी लागते. दोघंही शिकारी. पण मी जाडजूड, पुढचे पर हातांसारखे टेकून बसणारा. तो लांबच लांब, बारीक, आणि पोटाखाली परच नाहीत. नीलकंठच्या आईने, कमळाबाईंनी, आम्हाला पाहताक्षणी नावं दिली. मी मुसळ, तो सुतळी. मी त्याला फार चिडवायचो. कोळंबी पडली की मी गट्टम करायचो. तो बिचारा हुंगत, चाचपत राहायचा. मग माझ्याच पाठीवर वेटोळं घालून झोपायचा. ते ओझं मला आवडायचं.

अक्षय तृतीया आली. त्या दिवशी कमळाबाईंच्या घरात एकही भांडं अर्धं राहत नाही. घागर, कळशी, तांब्या, पाखरांचं पाण्याचं भांडंसुद्धा काठोकाठ भरतं. मग त्यांचं लक्ष आमच्या टाकीकडे गेलं. वरची चार बोटं रिकामी होती. त्यांनी मायेने तीही भरली आणि काचेचं झाकण नीट बसवलं. आमचा श्वास त्या चार बोटांत होता.

मी वर गेलो. ओठांना काच लागली. पुन्हा गेलो, पुन्हा काच. वैशाखातलं कोमट पाणी. अंग जड झालं, आणि कधीच न पाहिलेली एक नदी मला दिसू लागली. सुतळी मात्र कोपऱ्यात शिरला. तिथे झाकणाला वायरपुरती फट होती. माझं नाकही तीत मावेना. तो सरसर निघून गेला आणि फरशीवर पडला.

जेवणं उरकून कमळाबाई बैठकीत आल्या, तोवर तो सुकून गेला होता. त्यांच्या हाकेसरशी नीलकंठ आला. त्याने सुतळीला उचललं, टाकीकडे पाहिलं आणि घाईने झाकण काढून पाणी उपसलं. मी हवा प्यालो.

“आई, हे वरची हवा पितात. वो जगह भरायची नसते,” तो हलकेच म्हणाला.

“सणाच्या दिवशी अर्धं भांडं कसं ठेवू, बेटा?” म्हणता म्हणता त्या रडू लागल्या.

सुतळी मला वाचवायला गेला नव्हता, हे मला ठाऊक आहे. तो स्वतःच्या श्वासासाठी गेला. पण तो पडला नसता, तर टाकीकडे कोणी पाहिलंच नसतं.

आता मी म्हातारा झालोय. पाठीवर ओझं नाही, याची सवय काही होत नाही. डुलकी लागली की वाटतं, आलाच तो. तुमच्या घरी आमच्यातला कोणी असेल, तर त्याला डोक्यावर थोडं रिकामंपण राहू द्या.

यंदाच्या अक्षय तृतीयेलाही घरातली सगळी भांडी भरली. शेवटी कमळाबाई तांब्या घेऊन टाकीपाशी आल्या. काचेवर वरून चार बोटं आडवी धरली.

“एवढी सुतळीची,” त्या म्हणाल्या, आणि तांब्यातलं पाणी तुळशीला घालायला निघून गेल्या.